हलक्या जमिनीवरील बहुवर्षायू ऊर्जापिके

हलक्या जमिनीवरील बहुवर्षायू ऊर्जापिके म्हणजे उथळ, मुरमाड किंवा वालुकामय जमिनीत एकदा लावल्यावर अनेक वर्षे जळाऊ लाकूड, गवत अथवा तेलबिया देणारी आणि मुख्यतः इंधनासाठी वाढवली जाणारी पिके होत. सुरू, सुबाभूळ, करंज, मोगली एरंड, बांबू आणि संकरित नेपियर गवत ही भारतातील त्यांची परिचित उदाहरणे आहेत. अन्नधान्याला अयोग्य ठरलेल्या जमिनीतून इंधन मिळावे, खनिज तेलाची आयात कमी व्हावी आणि कोरडवाहू शेतकऱ्याला उत्पन्नाचे आणखी एक साधन लाभावे, या अपेक्षेने अशा पिकांना वेळोवेळी उत्तेजन देण्यात आले.

या अपेक्षेच्या मुळाशी एक गृहीतक असते: जी वनस्पती माळावर निगेशिवाय तग धरते, ती तेथे किफायतशीर उत्पन्नही देईल. प्रत्यक्षात वनस्पतीचे जगणे आणि पिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोगली एरंडाच्या लागवडीचा भारतातील अनुभव हे या भेदाचे सर्वांत ठळक उदाहरण मानता येईल.

हलक्या जमिनीचे स्वरूप

‘हलकी जमीन’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. मृदाशास्त्रात वाळूचे प्रमाण जास्त व चिकणमातीचे प्रमाण कमी असलेल्या, नांगरटीस सोप्या जमिनीला हलकी म्हणतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात मात्र शेतकरी प्रामुख्याने मातीच्या थराच्या खोलीवरून जमीन हलकी, मध्यम की भारी हे ठरवतात. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या येथील मातीचा थर डोंगरउतारावर व माळावर जेमतेम वीतभर असतो. त्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. साधारणतः २२.५ सेंटिमीटरपर्यंत खोली असलेल्या जमिनी उथळ समजल्या जातात. माळरान, बरड, मुरमाड हे शब्द अशाच जमिनींसाठी रूढ आहेत. कोकण किनाऱ्यावरील पुळणीची वाळू पहिल्या, म्हणजे मृदाशास्त्रीय अर्थाने हलकी असते.

दोन्ही प्रकारांत मुख्य उणीव एकच असते, ती म्हणजे ओलावा धरून ठेवण्याची अल्प क्षमता. एका साध्या हिशेबावरून ती स्पष्ट होते. समजा, मुरमाड मातीत पिकाला उपलब्ध होऊ शकणारे पाणी तिच्या आकारमानाच्या १० टक्के आहे आणि मातीचा थर २० सेंटिमीटर आहे. अशा जमिनीत मुळांसाठी केवळ २० मिलिमीटर पाणी साठते. तेच प्रमाण १५ टक्के व थर १ मीटर असलेल्या काळ्या जमिनीत हा साठा १५० मिलिमीटर होतो. पिकाची दररोजची गरज ५ मिलिमीटर धरली, तर पावसाने उघडीप दिल्यावर पहिल्या जमिनीतील ओल ४ दिवसांत संपते, तर दुसरीतील ३० दिवस पुरते. याशिवाय हलक्या जमिनीत सेंद्रिय कर्ब व नत्र कमी असते आणि जोरदार पावसात मातीचा वरचा थर वाहून जातो.

बहुवर्षायू वनस्पतींची उपयुक्तता

अशा जमिनीत हंगामी पिकापेक्षा बहुवर्षायू वनस्पती काही बाबतींत सरस ठरते. हंगामी पिकाला दरवर्षी नव्याने मुळे वाढवावी लागतात. झाडाची मुळे मात्र मुरमाच्या भेगांतून वर्षानुवर्षे खोल जात राहतात आणि वरच्या थराच्या आवाक्याबाहेरील ओलावा मिळवतात. जमीन दरवर्षी नांगरावी लागत नसल्याने धूप कमी होते. पालापाचोळा कुजून मातीत सेंद्रिय पदार्थांची भर पडते. सुरू, सुबाभूळ, बांबू यांसारख्या वनस्पती तोडल्यावर खुंटापासून किंवा कंदापासून पुन्हा वाढतात. सुरूची ही शक्ती तुलनेने कमी असल्याने त्याची बहुधा पुनर्लागवड करतात.

या लाभांची दुसरी बाजूही आहे. बहुवर्षायू पीक जमीन दीर्घकाळ अडवून ठेवते. बाजारभाव घसरला म्हणून पुढच्या हंगामात दुसरे पीक घेण्याची मुभा शेतकऱ्याला राहत नाही. पहिली काही वर्षे उत्पन्न मिळत नाही आणि पीक फसल्यास खुंट उपटून काढण्याचा खर्च पदरी पडतो. त्यामुळे वाणाची व जागेची निवड चुकली, तर त्या चुकीची किंमत एका हंगामापुरती मर्यादित राहत नाही.

अन्नद्रव्यांचा ताळेबंद

ऊर्जापिकाची निवड करताना जमिनीतून काय बाहेर जाते, हे पाहणे आवश्यक असते. लाकडाचा बहुतांश भाग कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. ही मूलद्रव्ये वनस्पतीला हवेतून आणि पाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद यांसारखी मातीतील अन्नद्रव्ये पाने, कोवळ्या फांद्या व साल यांत अधिक असतात. म्हणून सालीसह पालापाचोळा शेतातच ठेवून केवळ लाकूड नेले, तर जमिनीची झीज मर्यादित राहते.

बियांची गोष्ट वेगळी आहे. बी म्हणजे पुढील रोपासाठी साठवलेली शिदोरी असते आणि तिच्यात नत्र व स्फुरद एकवटलेले असतात. दरवर्षी बिया विकल्या जातात तेव्हा जमिनीचा कसही त्यांच्यासोबत जातो. तेल काढल्यावर ही अन्नद्रव्ये पेंडीत राहतात. मोगली एरंडाच्या पेंडीत नत्राचे प्रमाण सुमारे ४ ते ६ टक्के असते. ही पेंड शेतात परत आली, तर तूट बरीचशी भरून निघते. परंतु बिया दूरच्या कारखान्यात गेल्यास पेंड शेतकऱ्याकडे परत येण्याची शक्यता कमी असते. आधीच निकस असलेल्या जमिनीवर खताविना तेलबीचे पीक घेत राहण्यातील मुख्य अडचण हीच आहे.

प्रमुख पिके

सुरू : वालुकामय किनारपट्टीवर वाढणारा हा वृक्ष खारे वारे सहन करतो. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया हे सूक्ष्मजीव असतात व ते हवेतील नत्र स्थिर करतात. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात रेल्वे इंजिनांना जळण मिळावे म्हणून सुरूची लागवड करण्यात आली. हलक्या जमिनीवर हेतुपूर्वक घेतलेल्या भारतातील जुन्या ऊर्जापिकांपैकी हे एक होय. कोळसा सर्वत्र उपलब्ध झाल्यावर रेल्वेची मागणी संपली. तथापि घरगुती जळण, बांधकामाचे वासे आणि कागदाचा लगदा यांसाठी ही लागवड टिकून राहिली.

सुबाभूळ : हे झाड मूळचे मेक्सिकोतील असून शिंबावंत कुळातील आहे. हवाई बेटांवर निवडलेले त्याचे उंच वाढणारे वाण १९७०च्या दशकात भारतात लोकप्रिय झाले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने, तसेच फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने या झाडावर काम केले. चारा, जळण आणि नत्रस्थिरीकरण असा तिहेरी उपयोग हे त्याचे वैशिष्ट्य आहे. चुनखडीयुक्त जमीन त्याला मानवते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मात्र त्याची वाढ खुंटते. त्याच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने तो जनावरांना मर्यादित प्रमाणातच द्यावा लागतो. १९८८ मध्ये सुबाभळीवरील सिलिड ही रसशोषक कीड भारतात पोहोचली व तिने कोवळ्या शेंड्यांचे मोठे नुकसान केले. विपुल बियांमुळे हे झाड नको तेथेही पसरते, म्हणून अनेक देशांत त्याची गणना आक्रमक वनस्पतींत होते.

करंज : हा भारतातील मूळचा सदाहरित वृक्ष असून त्याच्या बियांत साधारणतः ३० टक्के किंवा त्याहून थोडे अधिक तेल असते. हे कडू तेल दिव्यासाठी व औषधासाठी पूर्वापार वापरात आहे. करंज नत्र स्थिर करतो आणि शेळ्या-मेंढ्या त्याची पाने सहसा खात नाहीत. फळधारणा सुरू होण्यास मात्र ४ ते ७ वर्षे लागतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी करंजतेलावर डिझेल जनित्रे चालवण्याचे प्रयोग कर्नाटकातील खेड्यांत केले. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा या गावी आदिवासी महिलांच्या बचत गटांनी करंजाची रोपवाटिका व तेलघाणी चालवली. डिझेलऐवजी करंजतेल वापरल्याने टळणाऱ्या कर्ब उत्सर्जनाच्या मोबदल्यात २००३ मध्ये या गावाला जागतिक बँकेकडून रक्कम मिळाली.

मोगली एरंड : मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले हे झुडूप कुंपणासाठी खेडोपाडी लावलेले दिसते. त्याला वन एरंड किंवा चंद्रज्योत असेही म्हणतात. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत. बियांतील तेलाचे प्रमाण सुमारे ३० ते ३५ टक्के असून मिथेनॉलची प्रक्रिया केल्यावर त्यापासून डिझेलसारखे इंधन बनते. बिया विषारी असतात. त्यांची चव शेंगदाण्यासारखी लागत असल्याने त्या खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. हे झाड एरंडाच्या कुळातील असल्यामुळे त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी नसतात.

बांबू व संकरित नेपियर : बांबूच्या जातींपैकी मानवेल ही जात कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर तग धरते. भारतीय वन अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला व त्याची तोड आणि वाहतूक सुलभ झाली. संकरित नेपियर गवताच्या वर्षाला अनेक कापण्या मिळतात व त्यापासून जैववायू तयार करता येतो. मात्र हे गवत पाणी आणि खत या दोहोंची मोठी मागणी करते. कोरडवाहू माळावर ते सिंचनाशिवाय अपेक्षित उत्पन्न देत नाही.

लागवडीची पद्धत

हलक्या जमिनीवर लागवडीचे यश बरेचसे पाणी अडवण्याच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते. उतारावर सलग समपातळी चर खोदल्याने पावसाचे पाणी थांबून मुरते. उन्हाळ्यात खड्डे घेऊन ते तापू देतात. झुडपांसाठी ३० सेंटिमीटर, तर वृक्षांसाठी ४५ ते ६० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे सामान्यतः घेतले जातात. चांगली माती व शेणखत यांनी ते भरून पहिल्या दमदार पावसानंतर पिशवीतील रोपे लावतात. वाळवीचा उपद्रव असल्यास बंदोबस्त करावा लागतो. पाऊस संपताच आळ्यावर पाचट किंवा गवताचे आच्छादन घातल्यास ओल अधिक काळ टिकते.

रोप कसे तयार केले, यालाही महत्त्व आहे. मोगली एरंड छाट कलमापासून सहज फुटतो व अशी झाडे लवकर फळतात. परंतु बियांपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ असते, तर छाट कलमाला केवळ आडवी मुळे फुटतात. उथळ जमिनीत अवर्षणाच्या वेळी हा फरक निर्णायक ठरू शकतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत संरक्षक पाणी देणे, मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरणे आणि मोकाट जनावरांपासून राखण करणे ही कामे टाळता येत नाहीत.

मोगली एरंडाचा भारतातील अनुभव

जैवइंधन विकासासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल नियोजन आयोगाने एप्रिल २००३ मध्ये प्रसिद्ध केला. मोगली एरंड लावण्याजोगी सुमारे १३४ लाख हेक्टर जमीन देशात उपलब्ध असल्याचा अंदाज त्यात होता. पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टरवर प्रात्यक्षिक लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळणे, असे उद्दिष्ट सुचवण्यात आले. अनेक राज्यांनी लागवडीचे कार्यक्रम हाती घेतले. छत्तीसगडचा त्यांत पुढाकार होता. केंद्र सरकारने जैवडिझेल खरेदी धोरण आखून १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये दर लागू केला व पुढे तो २६ रुपये ५० पैसे केला.

समितीचा हिशेब असा होता: हेक्टरी २,५०० झाडे, प्रत्येकी दीड किलो बी, म्हणजे ३,७५० किलो बी आणि त्यापासून सुमारे १,२०० किलो तेल. प्रत्यक्षात कोरडवाहू हलक्या जमिनीत अनेक ठिकाणी हेक्टरी उत्पादन १ टनाच्याही खाली राहिले. झाडामागे ४०० ग्रॅम बी धरले, तर हेक्टरी १,००० किलो बी आणि जेमतेम ३०० किलो तेल मिळते. झाडे जगली होती; त्यांना फळे मात्र अपेक्षेइतकी लागली नाहीत.

याची कारणे अनेक होती. मोगली एरंड हे तोवर कुंपणाचे रानटी झुडूप होते आणि गहू किंवा भुईमुगाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याचे सुधारित वाण तयार झालेले नव्हते. अज्ञात मूळ असलेल्या बियांपासून केलेल्या लागवडीत एक झाड भरभरून फळे, तर शेजारचे वांझ राही. दाट एकपीक लागवडीत ढेकूण, पिठ्या ढेकूण आणि मूळकुज यांचा उपद्रव वाढला. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणी पुनःपुन्हा हाताने करावी लागे व मजुरी वाढे.

दराचे गणितही जुळत नव्हते. एक लिटर तेलासाठी ३ ते ४ किलो बी लागते. उदाहरणादाखल किलोला ६ रुपये भाव व ४ किलो बी धरल्यास केवळ बियांचा खर्च २४ रुपये होतो. साडेसव्वीस रुपयांच्या खरेदी दरात गाळप, रासायनिक प्रक्रिया आणि वाहतूक यांसाठी अडीच रुपये उरतात. पेंड व ग्लिसरीन यांच्या विक्रीतून काही भरपाई झाली, तरी ती पुरेशी नव्हती. बियांचा भाव वाढवावा तर कारखाना चालत नाही आणि कमी ठेवावा तर शेतकऱ्याला तोडणी परवडत नाही, असा पेच निर्माण झाला.

डिसेंबर २००९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्के मिश्रणासाठी २०१७ हे वर्ष ठरवले. २०१८च्या धोरणात जैवडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणण्यात आले आणि वापरलेले खाद्यतेल, अल्पमुदतीची पिके यांसारख्या अन्य स्रोतांनाही स्थान मिळाले. या काळात तंत्रज्ञानाच्या बाजूने यशही लाभले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादूनहून दिल्लीला गेलेल्या स्पाइसजेटच्या विमानाच्या इंधनात २५ टक्के जैवइंधन होते. ते छत्तीसगडमधील मोगली एरंडाच्या बियांपासून देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने विकसित केलेल्या प्रक्रियेने तयार झाले होते. इंधनाचा दर्जा हा या पिकाचा दुबळा दुवा नव्हता, हे यावरून दिसते. दुबळा दुवा शेतात होता.

‘पडीक’ जमिनीचा प्रश्न

ऊर्जापिकांच्या योजनांत हलक्या जमिनीचा उल्लेख बहुधा पडीक म्हणून केला जातो. सरकारी नोंदीत पडीक असलेली जमीन वापराबाहेर असतेच असे नाही. गावाचे गायरान, डोंगरउताराचे गवताळ माळ आणि शेताचे बांध यांवर गावातील गुरे व धनगरांच्या मेंढ्या चरतात. भूमिहीन कुटुंबे तेथून जळण, शेणी व रानभाज्या गोळा करतात. अशा ठिकाणी गुरे खात नाहीत अशी वनस्पती लावणे लागवडीच्या राखणीसाठी सोयीचे असते. चराईवर जगणाऱ्यांसाठी मात्र तो हक्काचा संकोच ठरतो. नैसर्गिक माळरान ही स्वतंत्र परिसंस्था असून माळढोक, लांडगा, तणमोर यांसारखे प्राणी तिच्यावर अवलंबून आहेत. सरसकट वृक्षलागवडीने त्यांचा अधिवास घटतो.

खासगी हलक्या जमिनीबाबत तुलना वेगळी असते. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे आंबा, काजू, बोर, सीताफळ, डाळिंब यांच्या बागा अशा जमिनींवर उभ्या राहिल्या. ऊर्जापिकाची खरी स्पर्धा ज्वारी-बाजरीपेक्षा या फळझाडांशी असते. इंधन हे स्वस्त विकावे लागणारे उत्पादन असल्याने या स्पर्धेत ते सहसा मागे पडते. बांधावर, कुंपणाला किंवा शेताच्या निकस कोपऱ्यात लावलेली करंज, सुबाभूळ वा बांबूची रांग मुख्य पिकाला धक्का न लावता जळण देते.

अन्य देशांतील उदाहरण

हंगेरीतील रोबिनिया वृक्षाचा अनुभव तुलनेसाठी उपयुक्त आहे. उत्तर अमेरिकेतील हा शिंबावंत वृक्ष अठराव्या शतकाच्या आरंभी हंगेरीत आला आणि तेथील मैदानातील उडती वाळू स्थिर करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर लावला गेला. आज त्या देशाच्या वनक्षेत्राचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग या वृक्षाने व्यापला आहे. त्यापासून जळण, खांब आणि मध अशी अनेक उत्पादने मिळतात. त्याच्या प्रसारशीलतेमुळे स्थानिक वनस्पतींना होणारा धोका हा तेथे वादाचा विषय आहे.

निवडीचे निकष

सुरू, सुबाभूळ व रोबिनिया या हलक्या जमिनीवर दीर्घकाळ टिकलेल्या पिकांत काही समान गुण आढळतात. ती स्वतःचे नत्र मिळवतात, त्यांचे मुख्य उत्पादन लाकूड असते आणि इंधनाची मागणी मंदावली तरी त्यांना वासे, लगदा, चारा किंवा मध असा दुसरा उपयोग उरतो. मोगली एरंडाकडे यांपैकी कोणताही गुण नव्हता. त्यामुळे नव्या ऊर्जापिकाचा प्रस्ताव तपासताना पुढील बाबी पाहिल्या जातात: त्याच जमिनीवर, सिंचनाविना, सलग काही वर्षांचे उत्पन्न मोजलेले आहे काय, वाण निश्चित आहे काय, अन्नद्रव्यांची परतफेड कशी होणार, खरेदीची हमी किती वर्षांची आहे, आणि त्या जमिनीचा सध्याचा उपयोग कोण करीत आहे. कुंपणावरील एखाद्या हिरव्या झुडपावरून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.